खेळाची तबकडी आणि मालकीचा प्रश्न

संगणकीय खेळ विकत घेणे हे आज काही मिनिटांचे काम झाले आहे. पडद्यावर खेळ निवडायचा, पैसे भरायचे आणि तो उतरवून घ्यायचा. दुकानाची पायरी चढण्याची गरज नाही. मात्र या सोयीबरोबर ग्राहकाचा एक जुना हक्क हळूहळू हातातून निसटत चालला आहे. वाचून झालेले पुस्तक मित्राला देता येते, जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकता येते. दुकानातून आणलेल्या खेळाच्या तबकडीचेही तसेच होते. खेळांची खास दुकाने याच हक्काच्या आधारावर वाढली आणि तो आकसू लागताच ओसरली. त्यांच्या चढउताराकडे पाहिले, की ‘विकत घेणे’ या साध्या शब्दाचा अर्थ कसा बदलत गेला, हे लक्षात येते.

डॅलसमधील सुरुवात

अमेरिकेतील टेक्सास राज्यातील डॅलस शहरात १९८४ मध्ये ‘बॅबेजेस’ नावाचे दुकान सुरू झाले. संगणकाची कल्पना मांडणारे गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांच्यावरून हे नाव घेतले होते. जेम्स मॅककरी आणि गॅरी कुसिन हे त्याचे संस्थापक. घरगुती संगणक त्या काळी नवा होता. खेळ फ्लॉपीवर येत आणि जाडजूड पुठ्ठ्याच्या खोक्यात माहितीपुस्तिकेसह विकले जात. कोणता खेळ कोणत्या संगणकावर चालेल, त्यासाठी किती स्मरणशक्ती लागेल, हे सर्वसाधारण विक्रेत्याला सांगता येत नसे. ते सांगणारा माणूस गल्ल्यापाशी असणे, हेच या दुकानाचे वैशिष्ट्य होते.

पुढे १९९४ मध्ये ‘सॉफ्टवेअर इट्सेट्रा’ या साखळीशी त्याचे विलीनीकरण झाले. १९९६ मध्ये ही एकत्रित कंपनी दिवाळखोरीत निघाली, तेव्हा ‘बार्न्स अँड नोबल’ या ग्रंथविक्री साखळीचे प्रमुख लिओनार्ड रिजिओ यांनी तिची दुकाने घेतली. पुढील काही वर्षांत तिला ‘गेमस्टॉप’ हे नाव मिळाले. २००० मध्ये जुन्या खेळांच्या खरेदी-विक्रीसाठी प्रसिद्ध असलेली ‘फन्कोलँड’ ही साखळी आणि २००५ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक्स बुटीक’ ही प्रतिस्पर्धी कंपनी तिच्यात सामील झाली. भरभराटीच्या काळात गेमस्टॉपची जगभरात ७ हजारांहून अधिक दुकाने होती.

नफ्याचे गणित

नवे खेळ विकून एवढा पसारा उभा राहणे शक्य नव्हते. २०१० नंतरच्या काही वर्षांतील कंपनीचे वार्षिक अहवाल पाहिले, तर खेळयंत्राच्या विक्रीत दुकानाला साधारण एक दशांश किंवा त्याहूनही कमी ढोबळ नफा सुटत असे. नव्या खेळावर सुमारे एक पंचमांश. आणि वापरलेल्या खेळावर जवळजवळ निम्मा.

हे एका काल्पनिक उदाहरणाने समजून घेता येईल. समजा, ६० डॉलरचा नवा खेळ विकून दुकानाला १२ डॉलर मिळाले. महिनाभराने ग्राहकाने तो खेळून संपवला आणि दुकानाने २५ डॉलरना परत घेतला. तोच पुढच्या ग्राहकाला ४५ डॉलरना विकला, की २० डॉलर सुटतात. त्या ग्राहकानेही तो परत आणला, तर हा फेरा पुन्हा सुरू होतो. यात ग्राहकाचेही नुकसान नव्हते. पहिल्याला नव्या खेळासाठी भांडवल मिळे, दुसऱ्याला स्वस्तात खेळ मिळे. ज्यांच्या खिशात मोजकेच पैसे असत, त्या शाळकरी मुलांसाठी तर जुना खेळ हेच नव्या खेळाचे चलन होते.

यात एकाच पक्षाच्या हाती काही पडत नसे, तो म्हणजे खेळ निर्माण करणारी कंपनी. दुसऱ्या, तिसऱ्या विक्रीतील एक पैही तिच्यापर्यंत पोहोचत नसे. जुन्याच्या बदल्यात मिळालेली रक्कम ग्राहक नव्या खेळांवरच खर्च करतात, असा दुकानदारांचा युक्तिवाद होता. निर्मात्यांना तो पटला नाही.

न्यायालयांचा कौल

कायदा दीर्घकाळ ग्राहकाच्या बाजूने होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्येच एका कादंबरीच्या खटल्यात हे तत्त्व मांडले होते. ही कादंबरी एका डॉलरपेक्षा कमी किमतीस विकू नये, अशी सूचना प्रकाशकाने पुस्तकातच छापली होती आणि ‘मेसीज’ या न्यूयॉर्कच्या दुकानाने ती ८९ सेंटना विकली. प्रत एकदा विकल्यावर तिच्या पुढील विक्रीवर प्रकाशकाचे नियंत्रण राहत नाही, असा निकाल लागला. ‘प्रथम विक्रीचे तत्त्व’ म्हणून ते ओळखले जाते.

जपानमध्ये हा वाद थेट खेळांवरूनच झाला. खेळ हा चित्रपटासारखा असल्याने त्याच्या प्रत्येक वितरणावर आपला हक्क आहे, असे तेथील निर्मात्यांचे म्हणणे होते. या प्रश्नावर टोकियो आणि ओसाका येथील कनिष्ठ न्यायालयांनी परस्परविरोधी निकाल दिले. अखेर २५ एप्रिल २००२ रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळाला चित्रपटाच्या वर्गात बसवले. पण लोकांना विकलेल्या प्रतीवरील वितरणाचा हक्क पहिल्या विक्रीतच संपतो, असे स्पष्ट केले. टोकियोतील अकिहाबारा भागातील जुन्या खेळांची दुकाने आजही गजबजलेली दिसतात, त्यामागे या निकालाचा मोठा वाटा आहे.

तबकडीची किल्ली झाली

न्यायालयात जे साधले नाही, ते तंत्रज्ञानाने साधले. ‘व्हॉल्व्ह’ कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये ‘स्टीम’ ही सेवा सुरू केली. नोव्हेंबर २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ हा तिचा गाजलेला खेळ आला. तो दुकानातून खोक्यात आणला, तरी स्टीमवर खाते उघडून तेथे नोंदवल्याशिवाय चालत नसे. खोक्यातील सांकेतिक क्रमांक एकदा एका खात्याशी जोडला गेला, की तबकडी दुसऱ्याच्या उपयोगाची राहत नसे. साहजिकच संगणकावरचे वापरलेले खेळ परत घेण्यात दुकानदाराला अर्थ उरला नाही आणि दुकानांतील त्यांची फळी सर्वांत आधी रिकामी झाली.

खेळयंत्रांच्या बाबतीत ग्राहकांनी निकराचा विरोध केला. २०१३ च्या उन्हाळ्यात मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स वन’ची घोषणा करताना वापरलेल्या खेळांवर निर्बंध सुचवले. सोनीने लगोलग आपल्या ‘प्लेस्टेशन ४’ वर असे निर्बंध नसतील, असे जाहीर केले. एकाने दुसऱ्याच्या हाती तबकडी द्यायची, एवढीच खेळ वाटून घेण्याची पद्धत दाखवणारी सोनीची छोटीशी चित्रफीत त्या काळी हास्याचा आणि कौतुकाचा विषय झाली. १९ जून २०१३ रोजी मायक्रोसॉफ्टने माघार घेतली.

परंतु हा विजय अल्पकाळाचा ठरला. निर्बंध लादावे लागले नाहीत. सोयीपोटी ग्राहकच उतरवून घेण्याच्या खेळांकडे वळले. ब्रिटनमधील ‘गेम’ ही साखळी २०१२ मध्येच प्रशासकांच्या ताब्यात गेली होती. पुढे मालक बदलून ती टिकली, पण २०२४ मध्ये तिने जुने खेळ परत घेणे थांबवले. गेमस्टॉपच्या दुकानांची संख्या २०२५ च्या आरंभी सुमारे ३,२०० वर आली होती. मध्यंतरी, जानेवारी २०२१ मध्ये, तिच्या घसरणीवर पैज लावणाऱ्या बड्या गुंतवणूकदारांना छोट्या गुंतवणूकदारांनी कोंडीत पकडले आणि वर्षारंभी २० डॉलरच्या खाली असलेला समभाग २८ जानेवारीला काही काळ ४८३ डॉलरवर पोहोचला. त्याने जगभर खळबळ उडाली. दुकानांकडे ग्राहक मात्र परतला नाही.

खरेदी की परवाना?

उतरवून घेतलेला खेळ कायद्याच्या भाषेत बहुधा ‘परवाना’ असतो. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये संगणकप्रणालीच्या वापरलेल्या परवान्यांच्या फेरविक्रीला मान्यता दिली होती. त्याच धर्तीवर फ्रान्समधील एका ग्राहक संघटनेने स्टीमविरुद्ध दावा लावला. २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला. पण २०२२ मध्ये अपिलात तो फिरवला गेला आणि २०२४ मध्ये सर्वोच्च पातळीवरही अपिलाचाच निकाल कायम राहिला. खेळ म्हणजे निव्वळ संगणकप्रणाली नव्हे, त्यात चित्र, संगीत, कथा असे बरेच काही असते, हा त्यातील कळीचा मुद्दा होता.

परवान्याची मर्यादा काय असते, हे ३१ मार्च २०२४ रोजी दिसून आले. युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या २०१४ च्या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजलेल्यांचाही खेळ थांबला. तबकडी बाळगणारेही त्यातून सुटले नाहीत, कारण हा खेळ सर्व्हरशी जोडल्याशिवाय चालतच नव्हता. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, परवाना विकताना ती मालकी नाही हे विक्रेत्याला स्पष्ट सांगावे लागते.

आपल्याकडील ग्राहक

मुंबईतील लॅमिंग्टन रोड म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आणि दिल्लीतील पालिका बाजार ही नावे खेळ शोधणाऱ्यांच्या परिचयाची आहेत. एक्सबॉक्स ३६० भारतात अधिकृतपणे २००६ मध्ये आणि प्लेस्टेशन ३ हे २००७ मध्ये आले. ‘जुनी तबकडी द्या, वर थोडे पैसे घाला आणि दुसरी घेऊन जा’ हा व्यवहार येथेही रुजला. २०२१ च्या फेब्रुवारीत प्लेस्टेशन ५ भारतात आले, तेव्हा त्यावरील मोठ्या खेळांची किंमत ४,९९९ रुपयांपर्यंत होती. मध्यमवर्गीय घरात एवढी रक्कम एका खेळावर घालताना तो पुढे विकता येईल की नाही, हा प्रश्न गौण ठरत नाही.

म्हणूनच खेळ किंवा खेळयंत्र घेण्यापूर्वी काही गोष्टी तपासणे हिताचे ठरते. यंत्र तबकडीच्या खाचेसह आहे की केवळ उतरवून घेण्याच्या खेळांसाठीचे आहे, हे प्रथम पाहावे. स्वस्त यंत्राची बचत पुढे खेळांच्या किमतीत निघून जाऊ शकते. खोक्यात तबकडी आहे की केवळ सांकेतिक क्रमांकाचा कागद, हे दुकानातच विचारावे. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच २ च्या काही खेळांचे कार्ड हे केवळ किल्लीसारखे असते. खेळ इंटरनेटवरूनच उतरवावा लागतो, मात्र ते कार्ड दुसऱ्याला देता येते. आणि खेळ एकट्याने खेळण्यासाठीही सतत सर्व्हरची गरज भासत असेल, तर त्याचे आयुष्य निर्मात्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, हे जाणूनच पैसे मोजावेत.

उतरवून घेण्याची सोय नाकारण्याचे कारण नाही. किंमत कमी असेल, तर परवानाही परवडतो. मात्र मालकीची किंमत मोजून परवाना पदरी पडत असेल, तर ते ग्राहकाला व्यवहारापूर्वी कळायला हवे. पूर्वी गल्ल्यामागचा जाणकार विक्रेता ते सांगत असे. आता ती चौकशी ग्राहकाने स्वतःच करायची आहे.