आधी पाणी जोखा!

मराठी माणसाचे आणि पाण्याचे नाते मोठे जुने. अनुभवी गृहस्थाला आपण ‘बारा गावचे पाणी प्यालेला’ म्हणतो. एखाद्याची योग्यता अजमावायची झाली की त्याचे ‘पाणी जोखतो’. गंमत अशी, की माणसांचे पाणी जोखण्यात तरबेज असलेले आपण घरातल्या नळाचे पाणी मात्र कधी जोखत नाही. दिवाळीच्या खरेदीत साडीचा पोत आपण दोन बोटांत चोळून पाहू, सोने कसोटीला लावून घेऊ. पण पाणी शुद्ध करण्याचे हजारो रुपयांचे यंत्र घेताना ‘शेजारच्यांकडे आहे’ एवढे कारण आपल्याला पुरते!

यंत्रे विकणाऱ्यांना हे ठाऊक असते. त्यांच्यापैकी काहींचा एक प्रयोग मोठा नाट्यमय असतो. टेबलावर दोन पेले मांडायचे. एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात यंत्राचे. दोहोंत विजेच्या सळ्या सोडायच्या. थोड्याच वेळात नळाचे पाणी तांबूस-काळपट होते. यंत्राचे मात्र जसेच्या तसे! “बघा वहिनी, हे तुम्ही मुलांना पाजता!” वहिनींचा चेहरा उतरतो आणि पावती फाडली जाते.

वास्तविक तो गाळ पाण्यातला नसतोच, सळीचा असतो. नळाच्या पाण्यात साधे क्षार असतात, त्यामुळे त्यातून वीज वाहते, लोखंडी सळी झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. यंत्राच्या पाण्यात क्षार अगदी थोडे, म्हणून तेथे हा खेळ रंगत नाही. त्या ‘शुद्ध’ पेल्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा. तोही तसाच गढूळ होईल!

तेव्हा ‘कोणते यंत्र चांगले?’ हा प्रश्न नंतरचा. ‘माझ्या पाण्यात दोष कोणता?’ हा पहिला. रोग ओळखल्याशिवाय शहाणा वैद्य मात्रा उगाळत नाही. पाण्याचे दोष मुख्यतः तीन : गढूळपणा, रोगजंतू आणि विरघळलेले पदार्थ. तिन्हींचे उतारे निरनिराळे.

गढूळपणा डोळ्यांना दिसतो, म्हणून तो सर्वांत प्रामाणिक शत्रू. आपल्या आज्या घागरीच्या आत निवळीचे बी घाशीत किंवा पाण्यात तुरटी फिरवीत. गाळ तळाशी बसे. आज हे काम मेणबत्तीच्या आकाराचा चिनी मातीचा कँडल फिल्टर करतो. परंतु निवळलेले पाणी निर्जंतुक असतेच असे नाही.

जंतू दिसत नाहीत, त्यांची चवही लागत नाही. कावीळ, विषमज्वर, पटकी हे पाहुणे याच वाटेने घरात येतात. त्यांवर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे उकळणे. पाणी नुसते कोमट करून भागत नाही; खळखळ उकळी फुटल्यावर पुरते एक मिनिट ते तसेच राहिले पाहिजे. दुसरा उपाय क्लोरीनचा. तिसरा अतिनील किरणांचा, म्हणजे ‘यू.व्ही.’ यंत्राचा. या किरणांना पाणी स्वच्छ लागते, कारण गाळाच्या कणाआड जंतू दडून राहतात. शिवाय किरणांचा प्रभाव पुढे टिकत नाही. क्लोरीन मात्र काही काळ पाण्याची राखण करतो.

विरघळलेल्या पदार्थांपुढे हे तिन्ही उपाय हात टेकतात. खारट पाणी उकळले तर वाफ जाते, क्षार मागे राहतात. येथे ‘आर.ओ.’ यंत्राचे खरे काम. भारतीय मानकाप्रमाणे (२०१२) पिण्याच्या पाण्यात विरघळलेले पदार्थ लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरे पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेता येते. फ्लोराइड एक मिलिग्रॅमच्या आत असलेले बरे. यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर या जिल्ह्यांत कित्येक गावांच्या भूजलात ते जास्त आढळते आणि त्याने दात व हाडे बिघडतात. तेथे आर.ओ.सारखा उपाय ही चैन नव्हे, गरज आहे.

पण मुंबईला येते ते भातसा, तानसा, वैतरणेचे तलावाचे पाणी, पुण्याला खडकवासल्याचे. त्यात क्षार मुळातच कमी. अशा ठिकाणी आर.ओ. बसवणे म्हणजे पेलाभर पाण्यासाठी दोन-तीन पेले मोरीत ओतणे. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ साली, क्षार ५०० हून कमी असतील तेथे या यंत्रांना मनाई करावी, असे सरकारला सांगितले होते.

उपनगरांतील नव्या वसाहतींत मात्र नळ, बोअरवेल आणि टँकर यांचा त्रिवेणी संगम असतो. तेथे अंदाज कामाचा नाही. क्षार मोजण्याचे पेनाएवढे उपकरण काही शे रुपयांत मिळते. परंतु त्याला जंतू कळत नाहीत. आकडा साठ दाखवणाऱ्या पाण्यातही पटकी असू शकते! म्हणून सोसायटीने वर्षातून एकदा, विशेषतः पावसाळ्यात, प्रयोगशाळेतून पाणी तपासून घ्यावे. शासकीय प्रयोगशाळांत हे काम अल्प शुल्कात होते.

याचे महत्त्व पुणेकरांना जानेवारी २०२५ मध्ये कळले. सिंहगड रस्त्याच्या परिसरात ‘जीबीएस’ या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली. चालती-बोलती माणसे हातापायांतले बळ जाऊन अंथरुणाला खिळली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला आणि संशय दूषित पाण्याकडे वळला. हा जंतू चांगल्या उकळीने मरतो.

शेवटी एक गोष्ट गृहिणींपेक्षा गृहस्थांना सांगायची. यंत्र घेतले म्हणजे कर्तव्य संपले, असे नाही. आर.ओ.मधला कोळसा पाण्यातला क्लोरीन काढून टाकतो; मग यंत्राच्याच टाकीत पाणी साठून राहिले, फिल्टर वेळेवर बदलले नाहीत, तर तेथे जंतूंचा संसार थाटला जातो. गच्चीवरच्या टाकीचे झाकण उडालेले आणि माठात सगळ्यांचे हात बुडणारे, मग यंत्राने काय करावे? दिवाळीची साफसफाई माळ्यापर्यंत पोहोचते, तशी ती यंदा गच्चीवरच्या टाकीपर्यंत जाऊ द्या. माठावर झाकण आणि शेजारी लांब दांड्याचे ओगराळे ठेवा. खर्च फारसा नाही. मग पाण्याचा अहवाल हाती घेऊन खुशाल दुकानात जा. विक्रेत्याने सळ्यांचा प्रयोग मांडलाच, तर चिमूटभर मीठ मागायला विसरू नका.