न पोचलेला माल आणि पोचलेला आरोप

व्यापारी घराण्यात पैशापेक्षा पत मोठी मानली जाते. बुडालेला पैसा पुन्हा उभा करता येतो. पण ‘या घरचा शब्द खरा नाही’ असे बाजारात एकदा बोलले गेले, की ते पुसून काढायला एक पिढी पुरत नाही. म्हणूनच ऑनलाइन मागविलेली वस्तू न पोचणे ही एक गोष्ट, आणि ‘वस्तू तुम्हाला मिळाली आहे, तुमची तक्रार खोटी आहे’ असे विक्रेत्याने कळविणे ही अगदी निराळी गोष्ट होय. पहिल्या प्रसंगी रक्कम अडकते. दुसऱ्या प्रसंगी सचोटीवर डाग पडतो. अशा वेळी संतापून चार कठोर शब्द लिहिणे किंवा ‘थोडक्यात निभावले’ म्हणून गप्प बसणे, हे दोन्ही मार्ग नुकसानीचेच. तिसरा मार्ग व्यापाऱ्याच्या नित्य परिचयाचा आहे : कागद जमविणे, हिशेब मांडणे आणि उत्तर मागणे.

आरोप उभा कसा राहतो?

पूर्वी माल पाठविला की बिल्टी होई. घेणाऱ्याची सही आणि पेढीचा शिक्का पडल्यावाचून ‘माल पोचला’ असे कोणी म्हणत नसे. आज त्या सहीची जागा मोबाइलच्या पडद्यावरील ‘डिलिव्हर्ड’ या एका शब्दाने घेतली आहे. हा शब्द बहुधा पार्सल पोचविणाराच नोंदवितो. दिवसाचा ठरलेला आकडा गाठण्याच्या घाईत तो कधी आधीच नोंदविला जातो. कधी पार्सल रखवालदाराकडे किंवा त्याच नावाच्या दुसऱ्या इमारतीत दिले जाते. तर कधी वाटेतच खोका उघडून वस्तू काढून घेतली जाते. विक्रेत्याच्या संगणकाला यातले काहीच दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त तो एक शब्द.

विक्रेत्याची बाजूही समजून घ्यायला हवी. वस्तू घेऊन ‘मिळालीच नाही’ म्हणणारे ग्राहक असतात, आणि त्यांचा भुर्दंड प्रामाणिक विक्रेत्याला सोसावा लागतो. म्हणून एकाच खात्यावरून परताव्याची मागणी वारंवार आली, की ते खाते संशयास्पद ठरविले जाऊ शकते. एकत्र कुटुंबात दहा माणसांची खरेदी एकाच खात्यावरून होते. तेथे वर्षभरात दोन-तीन पार्सले खरोखरच गहाळ झाली, तरी दोष घराच्या माथी येतो.

पहिले दोन दिवस मोलाचे

समजा, एखाद्या घरी २२,००० रुपयांचा मोबाइल मागविला. सायंकाळी सव्वापाचला ‘डिलिव्हर्ड’ असा संदेश आला; दारात मात्र कोणीच आले नाही. त्याच सायंकाळी संदेशाचे छायाचित्र जपून ठेवावे, शेजारी व रखवालदाराकडे चौकशी करावी आणि लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. इमारतीच्या कॅमेऱ्याचे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. म्हणून त्या दिवसाचा भाग लगेच मागून घ्यावा. संस्थेच्या प्रवेशद्वारावरील नोंदवहीच्या त्या पानाचे छायाचित्रही कामी येते. दूरध्वनीवर बोलणे झाले, तर बोलणाऱ्याचे नाव व वेळ टिपून त्याचा गोषवारा ई-मेलने कळवावा.

यानंतर विक्रेत्याला चार गोष्टी लेखी विचाराव्यात. पार्सल कोणी घेतले, त्याचे नाव, सही किंवा छायाचित्र आहे काय? पोच नोंदविताना पार्सल पोचविणारा कोणत्या ठिकाणी होता? ओटीपी कोणत्या क्रमांकावर व किती वाजता गेला? आणि प्रत्येक डेपोत पार्सलचे वजन किती नोंदविले गेले? शेवटचा प्रश्न अनेकांना सुचत नाही. निघताना ४०० ग्रॅम असलेले पार्सल शेवटच्या डेपोत १५० ग्रॅम भरले असेल, तर माल वाटेतच गेला, हे सांगायला वेगळा साक्षीदार लागत नाही.

सिद्ध कोणी करावयाचे?

‘मिळाले नाही’ हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते. ‘दिले’ हे सिद्ध करता येते. पुराव्याच्या कायद्याचे जुने तत्त्व असे, की जो विधान करतो त्याने ते सिद्ध करावे. आणि जी वस्तुस्थिती एखाद्याच्याच विशेष माहितीत असते, तिचा भार त्याच्यावर असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. वाहतुकीच्या नोंदी विक्रेत्याकडे आणि वाहतूकदाराकडे असतात, ग्राहकाकडे नव्हे. म्हणून पत्रात गयावया नको आणि दमदाटीही नको. एवढेच लिहावे : ‘वस्तू मिळालेली नाही. ती मिळाल्याचा पुरावा सात दिवसांत द्यावा. अन्यथा रक्कम परत करून आरोप लेखी मागे घ्यावा.’

यातील शेवटची मागणी सोडू नये. ‘केवळ सदिच्छा म्हणून रक्कम देत आहोत’ असे उत्तर आले, की पैसे मिळतात. पण संशयाची नोंद तशीच राहते.

दाद मागण्याच्या पायऱ्या

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे प्रत्येक ऑनलाइन कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि एक महिन्यात निवारण करावे, असे बंधन आहे. तेथे न्याय न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करावी. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे ‘चार्जबॅक’ची मागणी करता येते, तिला ठरावीक मुदत असते, म्हणून विलंब नको. बँकेने ३० दिवसांत समाधान केले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

अखेरची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या किंवा कामाच्या ठिकाणीच तक्रार दाखल करण्याची मुभा दिली आहे. कंपनीचे कार्यालय परराज्यात असले तरी तेथे खेटे घालावे लागत नाहीत. वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील देण्याची सक्ती नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची आहे.

पेढीच्या नावाने खरेदी करताना

व्यापारी कुटुंबांनी एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी हेतूने घेतलेल्या मालाचा खरेदीदार या कायद्याने ‘ग्राहक’ ठरत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्यापुरता अपवाद आहे. घरातील वस्तू पेढीच्या जीएसटी क्रमांकावर मागविली, तर हाच आक्षेप विक्रेता घेऊ शकतो. तेव्हा घरची खरेदी घराच्या नावे आणि दुकानाची दुकानाच्या नावे, हे जुन्या खतावणीचे शिस्तवळण येथेही हिताचे. दुकानाचा माल रस्त्याने येताना गहाळ झाला, तर वाहतूकदारावर दावा करण्यापूर्वी बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत त्याला लेखी नोटीस द्यावी लागते.

गादीवर बसणाऱ्यांसाठी

आज अनेक घरे स्वतःही ऑनलाइन विक्री करतात. ‘माल मिळाला नाही’ असा ग्राहकाचा संदेश त्यांच्याकडेही येतो. अठरा पापस्थानकांत ‘अभ्याख्यान’ म्हणजे खोटा आळ घेणे हे तेरावे सांगितले आहे, आणि अदत्तादान, म्हणजे न दिलेले घेणे, हे तिसरे. एक ग्राहकाला आवरते, दुसरे विक्रेत्याला. माल भरताना वजनासह चित्रण ठेवणे, मौल्यवान वस्तू ओटीपीवाचून न देणे आणि ग्राहकाला दोषी म्हणण्यापूर्वी वाहतूकदाराकडून लेखी खुलासा मागविणे, एवढे केले तर निम्मे वाद उद्भवणारच नाहीत. ग्राहकानेही पार्सल हाती पडल्याशिवाय ओटीपी सांगू नये आणि महाग वस्तूचा खोका उघडताना चित्रण करावे. व्यवहार डोळ्यांआड होऊ लागला, तेव्हा नोंद अधिक चोख ठेवावी लागते. पत राखण्याचे काम पूर्वी वहीने केले. आता ते या नोंदींना करावयाचे आहे.