हिमातली वहिवाट

विस्कॉन्सिनच्या मध्यभागातील एका गोपालकाच्या शेतात, जेथे मक्याच्या खुंटांवर गुडघाभर बर्फ साचला होता आणि स्नोमोबाईलची वाट लाकडी खुणांच्या दोन ओळींमधून थेट कुंपणापर्यंत गेली होती, तेथे फेब्रुवारीतील एका सकाळी स्थानिक स्नोमोबाईल मंडळाचे दोन स्वयंसेवक ध्वनिमापक मांडीत असताना मी उभा होतो. यंत्रापासून बाजूस 4 मीटर मोजून चार फूट उंचीवर ध्वनिग्राहक ठेवावयाचा, वारा पडल्याची खात्री करावयाची, आणि मग स्वाराने इंजिनाचे फेरे मिनिटास 4,000 वर नेऊन काही सेकंद स्थिर धरावयाचे, असा तो परिपाठ. 88 डेसिबलपर्यंतचे यंत्र कायद्यात बसते.

पहिली पाच यंत्रे, मूळचाच सायलेन्सर असल्यामुळे, मर्यादेच्या आत राहिली. सहाव्याचा सायलेन्सर बदलून तेथे जवळजवळ पोकळ नळी बसविलेली होती. फेरे चढताच आवाज कानांत नव्हे तर छातीत आदळला आणि मापकावर 97 उमटले. नऊ डेसिबलांचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, परंतु ध्वनीची शक्ती त्यात आठपट होते. आणि हे कशासाठी? टू-स्ट्रोक इंजिनाचे बळ पुष्कळसे त्याच्या फुगीर नळीतून परतणाऱ्या दाबलहरीत असते, जी सिलिंडरातून निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा आत लोटते. त्यापुढील सायलेन्सर केवळ गोंगाट गिळतो, म्हणून तो काढल्याने स्वाराच्या पदरात पडते ते बव्हंशी थोडे वजन कमी झाल्याचे समाधान.

याच राज्यात, सेनर गावी, कार्ल इलियासन यांनी 1924 साली मोटार लावलेली घसरगाडी, आजच्या स्नोमोबाईलची पूर्वज, सिद्ध केली. आज येथील हजारो मैलांच्या वाटांपैकी बराच भाग खाजगी जमिनींतून जातो. आपल्याकडे पाणंदीवर वर्षानुवर्षांच्या वहिवाटीने हक्क सांगता येतो. येथे मात्र जमीनमालकाच्या परवानगीवाचून वाटेला कसलाच आधार नाही, आणि गोंगाटाला कंटाळून एकाने परवानगी काढून घेतली की अलीकडची व पलीकडची शेते खुली असूनही सारा मार्ग तुटतो. शिक्षा मग त्या पोकळ नळीवाल्यास होत नाही; शांतपणे जाणाऱ्या शंभरांना होते. हा अन्याय मला फार सलला.

म्हातारे शेतमालक दूर गोठ्याच्या दाराशी उभे राहून सारे पाहत होते. ते म्हणाले, "तुम्ही सकाळी दहाला मोजता, मी रात्री दोनला ऐकतो, आणि चारला मला धारा काढायच्या असतात." निरभ्र रात्री बर्फालगतची हवा वरच्या हवेहून थंड होते आणि ध्वनी आकाशात विरण्याऐवजी खाली वाकून दूरवर पोहोचतो, हे शास्त्र त्यांना कोणी सांगितले नसेल, परंतु दोन मैलांवरचे यंत्र उशाशी ऐकू येते, हे त्यांनी अनेक हिवाळे अनुभवले होते.

पुढील हंगामाच्या परवानगीचा कागद स्वयंसेवकांनी पुढे केला. तो घडी करून म्हाताऱ्या मालकांनी कोटाच्या खिशात ठेवला, सही केली नाही, नाकारलीही नाही. सहाव्या यंत्राचा तरुण धनी इंजिन सुरू न करताच, दोघा मित्रांच्या मदतीने, ते हातांनी ढकलीत गाडीवर चढवू लागला होता.