कंबरेचा घेर, वय आणि स्त्रीपुरुषभेद

चाळिशी उलटलेल्या गृहस्थाचा सदरा शिंप्याकडून पोटावर सैल करून आणावा लागला, कीं घरांत तें सुख अंगीं लागल्याचें लक्षण समजलें जातें. शिंप्याच्या फितीवरील त्याच आंकड्यांत वैद्यकशास्त्राला मात्र निराळी वार्ता दिसते. आणि ती पुरुषासाठीं एक व त्याच्या पत्नीसाठीं दुसरी असते.

हा भेद ठळकपणें मांडला तो फ्रान्समधील मार्सेय येथील डॉक्टर झां व्हाग यांनीं, १९४७ सालीं. मेद धडाच्या वरच्या भागीं सांचणें ही पुरुषी ठेवण व नितंब-मांड्यांवर सांचणें ही स्त्रैण ठेवण, असे त्यांनीं दोन प्रकार केले. मधुमेहाचा संबंध त्यांना पहिल्या ठेवणीशीं आढळला. पुढें १९८८ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेराल्ड रीव्हन यांनीं वाढता रक्तदाब, वाढती रक्तशर्करा आणि रक्तांतील मेदाचा बिघाड या तिहींचें मूळ एकच असल्याचें प्रतिपादन केलें: शरीर इन्शुलिनला दाद देईनासें होतें. गंमत अशी कीं, त्यांच्या मूळ यादींत लठ्ठपणा नव्हताच!

आज या समूहाला मेटाबोलिक सिंड्रोम म्हणतात. कंबर, ट्रायग्लिसराइड, हितकारक एचडीएल, रक्तदाब व उपाशीपोटींची शर्करा या पांचांपैकीं तीन बिघडलीं कीं निदान झालें. त्यांतील दोहोंच्या मर्यादा स्त्रीपुरुषांना वेगळ्या आहेत. एचडीएल पुरुषांत ४० मिलिग्रॅमच्या, तर स्त्रियांत ५० च्या खालीं गेलें कीं दोष धरतात. भारतीयांसाठीं कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर व स्त्रियांना ८० सेंटिमीटर अशी मानतात.

वयाचा प्रभाव तर फारच मोठा. १९८८ ते १९९४ या काळांत अमेरिकेंत आठ हजारांवर प्रौढांची तपासणी झाली. तेव्हां विशींतील लोकांत हें प्रमाण शेंकडा ६.७, तर साठ ते एकोणसत्तर या वयांत शेंकडा ४३.५ भरलें. वयाचा फरक जमेस धरतां पुरुष शेंकडा २४ व स्त्रिया २३.४, म्हणजे भेद जवळजवळ नाहींच. पण सरासरी फसवी असते. त्याच पाहणींत कृष्णवर्णीय स्त्रियांत हें प्रमाण त्यांच्या पुरुषांहून निम्म्याहूनही अधिक पटीनें वाढलेलें होतें.

पुरुषाचा मेद तरुणपणापासूनच पोटांत, आंतड्यांभोंवतीं जमतो. तेथून मेदाम्लें थेट यकृतांत उतरतात व इन्शुलिनचें काम बिघडवतात. स्त्रीचा मेद ईस्ट्रोजेनच्या प्रभावानें मांड्यांवर राहतो, आणि तेथला मेद पुष्कळसा निरुपद्रवी असतो. मात्र हें संरक्षण उसनें आहे. रजोनिवृत्तीनंतर ईस्ट्रोजेन ओसरतें, मेद पोटाकडे वळतो, आणि पन्नाशीपर्यंत मागें असलेली स्त्री पुष्कळ ठिकाणीं पुरुषाला गांठते किंवा ओलांडते. घराचें लक्ष तोंवर यजमानांच्या पोटाकडेच लागलेलें असतें! गरोदरपणीं मधुमेह झालेल्या, वा पीसीओएसचा त्रास असलेल्या स्त्रियांना तर पन्नाशीची वाट पाहण्याचीही सवड नसते. शिवाय दोघांचेही स्नायु वयोमानानें झडतात. आणि जेवणानंतरची साखर मुख्यतः स्नायूच खपवितात.

‘आमची ही तर बारीकच आहे’ या बोलण्यानेंही निर्धास्त होतां येत नाहीं. पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन या दोघां संशोधकांचें छायाचित्र २००४ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें आलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें, निर्देशांक २२.३, परंतु शरीरांतील मेद युडकिन यांचा शेंकडा ९.१, तर याज्ञिक यांचा २१.२! पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांतही हाच प्रकार दिसला: वजनानें हलकीं, पण मेद त्या मानानें राखून असलेलीं.

म्हणून वजनकांट्यापेक्षां फीत बरी. शेवटची बरगडी व कमरेचें हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर ती लावावी. पोट आंत ओढून मोजण्याची संवय पुरुषांत विशेष दिसते. ती मोजणी पुन्हा करावी.