क्विंटलमागे किती?

मत नसलेला माणूस आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. बापूजी अण्यांचं 'लोकमत' शंभरेक वर्षांपूर्वी यवतमाळातूनच निघालं. मार्च २०१४ मध्ये नरेंद्र मोदी आर्णी तालुक्यातल्या दाभडीला 'चाय पे चर्चा' करायला आले, तेव्हा चहा पिता पिता कापसाच्या भावावर बोलणारी माणसं साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिली. आम्हाला त्यात नवीन काय, तर कॅमेरे.

माझं घाटंजी तालुक्यात ऑनलाइनचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, सगळं. ओटीपी येईपर्यंत माणसं काउंटरला टेकून उभी असतात आणि तेवढ्यात अमेरिका, पेट्रोल, एआय, सगळ्यांचा निकाल लावून मोकळी होतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये एकच विषय होता. "ट्रम्पनं आपल्या कापसावर टॅक्स लावला म्हन्ते ताई. आता कोन घेईन आपला कापूस?" एक काकाजी तर विचारायचे, की तिकडे विकत नाही तर इकडे साड्या सस्त्या काऊन होत नाहीत! त्यांचा प्रश्न काही अगदीच वेडा नव्हता. पण अमेरिकेला आपला कापूस फारसा जातच नाही. ती स्वतःच जगाला कापूस विकते. २७ ऑगस्टपासून बहुतेक भारतीय मालावर ५० टक्के कर लागला, तो बसला तिरुपूरच्या टीशर्टला आणि पानिपतच्या चादरी-सतरंज्यांना. त्याची झळ आमच्यापर्यंत येते ती उलट्या वाटेने. तिथे शिलाईच्या ऑर्डरी कमी झाल्या की सूत कमी लागतं, आणि सूत कमी लागलं की रुईचं गिऱ्हाईक हात आखडतं.

आमच्यासाठी मोठी बातमी त्याच्या आठवडाभर आधी आली होती, आणि तिच्यावर निम्मीही चर्चा झाली नाही. १९ ऑगस्टला केंद्र सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे आमच्या वेचणीचा जवळजवळ सगळा भर त्यात आला. २०२१ च्या अर्थसंकल्पात लावलेलं हे शुल्क गिरण्यांना नको होतं. कर वाढल्यावर निदान कच्चा माल तरी स्वस्त मिळावा, असं त्यांचं म्हणणं. गिरणीवाल्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

माझे वडील जिनिंगमध्ये हिशेब लिहायचे. त्यांच्यासमोर कुठलीही बातमी वाचली की ते एवढंच विचारत, "क्विंटलमागे किती?" ती सवय मला लागली. तर याचा हिशेब असा.

न्यूयॉर्कच्या वायद्यात रुईचा भाव त्या दिवसांत पाउंडाला ६५ सेंटच्या आसपास होता. आपल्याकडे रुईचा सौदा खंडीवर होतो. खंडी ३५६ किलोची, म्हणजे सुमारे ७८५ पाउंड. डॉलर ८८ रुपये धरला तर ती खंडी ४५ हजारांच्या घरात जाते. वाहतूक वेगळी. खंडीवरचे ११ टक्के म्हणजे जवळपास ५ हजार, किलोमागे १४ रुपये. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये टाकला की ३४ किलोपर्यंत रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. ३४ गुणिले १४, म्हणजे पावणेपाचशे रुपये.

एका क्विंटलमागे एवढी पावणेपाचशेची भिंत त्या दिवशी निघाली. ती सगळीच्या सगळी शेतकऱ्याच्या अंगावर पडते असं नाही. बाहेरच्या रुईचा दर्जा, बंदर, गिरणीची गरज, बरंच काही मध्ये येतं. पण व्यापारी भाव सांगताना बोट कुठे दाखवतो, ते यातून कळतं. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ८,११० रुपये, आणि खासगी भाव बराच काळ त्याच्या खाली राहिला.

राहिली सरकी. क्विंटलमधले चौसष्ट-पासष्ट किलो तीच असते, पण तिच्यावर कोणी मत देत नाही. सरकीतून तेल निघतं आणि ढेप निघते. ढेपेला भाव असला तर सरकीला, सरकीला असला तर कापसाला. आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. त्यावर माझ्या दुकानात रोज भांडणं. गाडीचं ॲव्हरेज गेलं, इंजिन खराब होईल, वगैरे. पण मका आणि तुकडा तांदूळ आंबवून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो, तो प्रथिनांनी भरलेला असतो आणि पशुखाद्यात स्वस्तात जातो. आमच्या ढेपेचा तो दावेदार झाला, सोयाबीनच्या पेंडेचाही. या जिल्ह्यात पिकतं काय, तर कापूस आणि सोयाबीन. म्हणजे पेट्रोल पंपावरची बातमी आमच्या दोन्ही पिकांना शिवते, आणि आम्ही ॲव्हरेजवर वाद घालत बसतो.

तंत्रज्ञानाबद्दल माणसांची मतं मात्र फार पक्की असतात, कारण ते अंगावर येतं. सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर २०२५ पासून 'कपास किसान' ॲपवर नोंदणी लागली. आधार, सातबारा, पिकाची नोंद, मग विक्रीच्या दिवसाचा स्लॉट. आधारला जोडलेला नंबर बऱ्याचदा मुलाचा असतो, आणि मुलगा पुण्यात कंपनीत. मग फोन लावायचा, तो शिफ्टमध्ये. "पोट्टं फोन उचलून नाही राह्यलं वो ताई." ॲप वाईट म्हणणारे आणि दलालापेक्षा बरं म्हणणारे, दोघंही माझ्याच बाकावर शेजारी बसलेले असतात. मला विचाराल तर हमीभावाचे पैसे थेट खात्यात येणार असतील तर नोंदणीची कटकट परवडली, पण ज्याच्या नावावर शेत नाही, जो मक्त्याने करतो, त्याचं काय करायचं ते कुठल्याही स्क्रीनवर येत नाही.

स्लॉट मिळाला की मी एक कागद हातात देते, प्रिंटचे पैसे न घेता. त्यावर ओलाव्याचा हिशेब असतो. सीसीआय ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव देते. त्यापुढे दर टक्क्याला एक टक्का कापते आणि १२ च्या वर घेत नाही. ८,११० वर एक टक्का म्हणजे ८१ रुपये, १२ टक्के ओलाव्याला ३२४. काकाजींनी कागद वाचला आणि ट्रम्पचा विषय अर्धवट सोडून घरी फोन लावला, की गंजी उघडा आणि कापूस पसरवा, आभाळ आलेलं नाही तोवर.