विभेदनलोपी मेदसार्कोमा : विकृतिस्वरूप आणि रुग्णांतील वर्तन

पुण्यातील बैरामजी जीजीभाई वैद्यकीय महाविद्यालयात किंवा सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्यास साधे मेदार्बुद वारंवार पाहावयास मिळते. ते बहुधा त्वचेखाली असते, मऊ असते आणि निरुपद्रवी असते. या परिचयामुळेच पिवळ्या, मेदासारख्या दिसणाऱ्या प्रत्येक अर्बुदास सौम्य मानण्याकडे मनाचा कल होतो. तो किती घातक ठरू शकतो, हे विभेदनलोपी मेदसार्कोमाच्या अभ्यासावरून कळते.

परिपक्व मेदपेशींशी बरेच साम्य असणाऱ्या मारक अर्बुदास सुविभेदित मेदसार्कोमा म्हणतात. त्याच अर्बुदाच्या एखाद्या भागात मेदाचे लक्षण नाहीसे होऊन मेदरहित सार्कोमा निर्माण झाला, म्हणजे त्यास विभेदनलोपी म्हणतात. ही कल्पना प्रथम डालिन व बीबाउट यांनी १९७१ मध्ये उपास्थीच्या सार्कोमासंबंधी मांडली. मेदसार्कोमास ती १९७९ मध्ये इव्हान्स यांनी लागू केली. सुमारे ९० टक्के रुग्णांत हा बदल पहिल्याच अर्बुदात आढळतो. उरलेल्यांत तो सुविभेदित अर्बुदाच्या पुनरुद्भवात दिसतो.

अर्बुदाचे सर्वांत नेहमीचे स्थान म्हणजे उदराच्या अस्तरामागील अवकाश. हाता-पायांत व वृषणरज्जूच्या परिसरातही ते आढळते. त्वचेखाली मात्र क्वचित. उदरामागील अवकाश प्रशस्त असल्याने अर्बुद वेदना न देता दीर्घकाळ वाढते. नमुना चिरला असता पिवळ्या मेदात घट्ट, करड्या-पांढऱ्या गाठी दिसतात, व दोहोंमधील सीमा बहुधा एकदम बदलणारी असते. सूक्ष्मदर्शकाखाली मेदरहित भागात तर्कूच्या आकाराच्या अथवा नानाविध रूपांच्या विकृत पेशी असतात. थोड्या अर्बुदांत अस्थी, उपास्थी किंवा स्नायू यांच्याशी सदृश ऊतकही आढळते. मेदरहित भाग नेहमीच उच्च श्रेणीचा असतो असे नाही. कमी श्रेणीचा विभेदनलोपही ओळखला गेला आहे.

रूप इतके पालटले तरी अर्बुदाची एक खूण पालटत नाही. बाराव्या गुणसूत्राच्या दीर्घ भुजेवरील क्यू १३ ते क्यू १५ या भागाच्या अनेक प्रती तयार झालेल्या असतात. पुष्कळदा त्या वलयाकृती किंवा असाधारण मोठ्या अशा अधिकच्या गुणसूत्रांत सामावलेल्या असतात. या भागात एमडीएम-२ आणि सीडीके-४ ही जनुके आहेत. पहिल्या जनुकाचे प्रथिन पी-५३ या संरक्षक प्रथिनाचा नाश घडवते; दुसऱ्याचे प्रथिन पेशीविभाजनास चालना देते. ही खूण सुविभेदित व विभेदनलोपी या दोन्ही भागांत सापडते, म्हणून दोन्ही एकाच वंशाचे आहेत असे मानण्यास आधार मिळतो. मेदाचा अंश न दाखविणाऱ्या उदरामागील सार्कोमात एमडीएम-२ ची प्रतिवृद्धी शोधणे याच कारणास्तव निर्णायक ठरते.

निदानातील मुख्य धोका नमुना कोठून घेतला यात आहे. सुई केवळ मेदमय भागात गेली तर अहवाल सुविभेदित अर्बुदाचा, क्वचित साध्या मेदार्बुदाचाही, येऊ शकतो. म्हणून सीटी चित्रात घट्ट दिसणाऱ्या भागातून बायॉप्सी घ्यावी, आणि काढलेल्या अर्बुदाचे, विशेषतः रंग व घट्टपणा बदलणाऱ्या जागांचे, पुरेसे छेद तपासावेत. उदरामागील मोठे अर्बुद ‘मेदाची गाठ’ समजून तुकड्यातुकड्यांनी काढले गेल्यास त्याचा परिणाम रुग्णास पुढे भोगावा लागतो.

अर्बुदाच्या वर्तनात एक वैचित्र्य आहे. इतर उच्च श्रेणीच्या बहुरूपी सार्कोमांच्या मानाने त्याचा दूरस्थ प्रसार कमी, सुमारे १५ ते २० टक्के रुग्णांत, होतो. परंतु त्याच जागी पुनरुद्भव किमान ४० टक्क्यांत होतो. उदरामागील अर्बुद दीर्घकाळ पाहिल्यास बहुतेक सर्वच परत येतात. पाच वर्षांत सुमारे २८ ते ३० टक्के रुग्ण दगावतात, आणि मृत्यूचे कारण बहुधा स्थानिक वाढ हेच असते. भवितव्य ठरविणारा सर्वांत महत्त्वाचा घटक अर्बुदाचे स्थान होय.

उपचाराचा आधार म्हणजे पहिली शस्त्रक्रिया. अर्बुद अखंड काढावे लागते, व प्रसंगी लगतचे मूत्रपिंड किंवा मोठ्या आतड्याचा भागही त्यासोबत काढावा लागतो. २६६ रुग्णांच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेपूर्वीच्या किरणोपचाराने उदरामागील सार्कोमाच्या रुग्णांस एकंदरीने लाभ झाल्याचे दिसले नाही. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधांचा परिणाम मर्यादितच आढळतो. एमडीएम-२ व सीडीके-४ यांना रोखणाऱ्या औषधांचे प्रयोग मात्र याच जनुकीय खुणेच्या आधारे झाले आहेत.

सारांश, या अर्बुदाचा मेदमय भाग पाहणाऱ्यास निश्चिंत करतो आणि घट्ट भाग रुग्णाचे भवितव्य ठरवतो. पहिली शस्त्रक्रिया योग्य प्रकारे होण्याची संधी बहुधा एकदाच मिळते. म्हणून दोन्ही भाग शस्त्रक्रियेपूर्वीच ओळखणे हे विकृतिशास्त्रज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक या तिघांचे संयुक्त कर्तव्य ठरते.