आसनाचा विचार : जपानच्या ध्यानमंदिरांतील ‘झाफू’

मार्गशीर्षाचा शुद्ध पक्ष सुरू झाला, की महाराष्ट्रातील दत्तभक्तांच्या घरी गुरुचरित्राच्या सप्ताहाची तयारी दिसू लागते. पोथीचे वस्त्र सोडले जाते, चौरंग पुसला जातो, समई घासली जाते आणि पारायणाला बसणाऱ्याचे आसन उन्हात टाकले जाते. बावन्न अध्याय सात दिवसांत वाचावयाचे, म्हणजे रोज काही तास एका जागी बसणे आले. पहिला दिवस उत्साहात सरतो. दुसऱ्या दिवशी घोटे दुखू लागतात, तिसऱ्या दिवशी गुडघे बोलू लागतात, आणि मन पोथीतील कथेपेक्षा गुडघ्यांतच अधिक गुंतून राहते. साठी ओलांडलेल्या कित्येक भाविकांनी केवळ या एका कारणासाठी पारायण सोडले आहे व त्याची खंत त्यांच्या मनातून जात नाही. जाड उशी घेऊन बसावे, तर ‘ही सुखासीनता झाली’ अशी शंका येते. देहाला कष्ट दिल्यावाचून साधना कसली, ही समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे.

वस्तुतः आपल्या शास्त्रांनी ही समजूत कधी शिकविलेली नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला ध्यानाचा विधी सांगितला, तेव्हा मनाच्या आधी जागेचा व आसनाचा विचार केला. आसन फार उंच नको, फार खालीही नको; तळाशी दर्भ, त्यावर अजिन आणि वर मऊ वस्त्र असावे. पतंजलींनी तर आसनाचे लक्षण सांगताना स्थैर्याच्या जोडीला सुखच ठेवले आहे. ज्ञानेश्वर माउलींनीही इ. स. १२९० च्या आपल्या ग्रंथात आसनाच्या या थरांचे वर्णन आस्थेने केले आहे. या थरांचाच विचार दूर जपानमध्ये निराळ्या साहित्याने कसा केला गेला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

‘झेन’ हा शब्द आपल्या ‘ध्यान’ शब्दाचेच परदेशी गेलेले रूप होय. ध्यानाचे चीनमध्ये ‘चान’ झाले आणि चानचे जपानमध्ये ‘झेन’. चीनमध्ये हा मार्ग नेणारे आचार्य बोधिधर्म हे दक्षिण भारतातील राजपुत्र होते, असे परंपरा सांगते. त्यांनी नऊ वर्षे भिंतीकडे तोंड करून ध्यान केले व त्या बैठकीत त्यांचे पाय झडून गेले, अशी आख्यायिका आहे. जपानमध्ये घरोघरी दिसणारी ‘दारुमा’ नावाची तांबडी, वाटोळी बाहुली त्यांचीच. तिला पाय नसतात, आणि ढकलली तरी ती पुन्हा ताठ बसते. गुडघेदुखीने त्रासलेल्या साधकाला ही आख्यायिका फारसा धीर देणारी नाही, हे खरे. पण बोधिधर्मांच्या जपानी शिष्यपरंपरेने पाय न झडता बसता यावे, याचीही व्यवस्था करून ठेवली.

ती व्यवस्था म्हणजे ‘झाफू’ आणि ‘झाबुतोन’ ही दोन आसने. झाफू ही गोल, फुगीर, कडेने चुण्या घातलेली उशी. तिचा व्यास सुमारे १४ इंच व उंची सुमारे ८ इंच असते. झाबुतोन ही तिच्याखाली पसरावयाची चौकोनी, चपटी गादी. ‘झा’ म्हणजे बसणे आणि ‘फू’ म्हणजे तळ्याकाठी उगवणारे पाणकणीस. आपल्याकडेही ओढ्या-तळ्यांच्या काठी तपकिरी कणसांची ही उंच वनस्पती सर्वांनी पाहिलेली असते. कणीस पिकले, की त्यातून कापसासारखा मऊ पिसारा सुटतो. पूर्वी या उशा त्यानेच भरीत, म्हणून हे नाव. आज आत पाणकणीस नसते, तरी नाव तेच राहिले आहे. बोधिवृक्षाखाली बसण्यापूर्वी गौतमाने एका गवतकाप्याकडून दर्भाची पेंढी घेतली व तिचे आसन केले, ही कथा आपल्याला ठाऊक आहे. तेथे दर्भ, येथे पाणकणीस; गवताशी असलेले साधकाचे नाते सुटलेले नाही.

या आसनाला शास्त्राची प्रतिष्ठा दिली ती दोगेन या आचार्यांनी (१२००–१२५३). ते १२२३ साली सद्गुरूच्या शोधात चीनमध्ये गेले, तेथील रूचिंग या आचार्यांपाशी राहिले आणि १२२७ साली मायदेशी परतले. परतल्यावर त्यांनी सर्व लोकांसाठी ध्यानविधीचा एक लहानसा ग्रंथ रचला. त्यात तत्त्वज्ञान आहेच, परंतु त्याबरोबर शांत खोली, बेताचा आहार, जमिनीवर जाड बिछायत आणि तिच्यावर झाफू असा साधा तपशीलही आहे. मांडी पद्मासनाची वा अर्धपद्मासनाची; कान खांद्यांच्या रेषेत, नाक नाभीच्या रेषेत; डोळे उघडे; आणि स्थिर होण्यापूर्वी शरीर डावी-उजवीकडे हळूच झुलवून मध्य शोधणे. काया, मान व मस्तक सरळ राखण्याची गीतेतील आज्ञा ज्याला स्मरते, त्याला हे सारे ओळखीचे वाटेल.

दोगेन यांनी दुसऱ्या एका लेखात आणखी एक गोष्ट स्पष्ट केली आहे, आणि माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म तीत आहे. उशी संपूर्ण मांडीखाली घ्यावयाची नाही. केवळ मागील अर्ध्या भागाखाली घ्यावयाची. आपल्याकडे नेमकी येथेच चूक होते. आपण गादी अंथरतो आणि तिच्यावर मध्यभागी मांडी घालून बसतो. गादी कितीही मऊ असली, तरी गुडघे अधांतरी राहतात, कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो आणि घटकाभरात पाठ दुखू लागते. झाफूच्या पुढील कडेवर बसले, की बैठक उंचावते, कंबर किंचित पुढे झुकते, गुडघे आपोआप खालच्या गादीला टेकतात आणि कण्याला त्याचा स्वाभाविक बाक मिळतो. दोन गुडघे व बैठक या तीन बिंदूंवर देह तिवईप्रमाणे तोलला जातो. पाठ ताठ ठेवण्यासाठी मग धडपड करावी लागत नाही. घोट्यांना व गुडघ्यांना जमीन बोचू नये, एवढेच काम खालच्या झाबुतोनचे.

आत काय भरावे, यालाही महत्त्व आहे. मठांतील झाफूत बहुधा कापोक, म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस असतो. हा हलका व लवचीक असतो, मात्र बसून बसून दबतो. दुसरा प्रकार कुट्टूच्या टरफलांचा. आपल्यापैकी काहींना कुट्टूचे पीठ उपवासामुळे परिचित असेल. जपानमध्ये त्याच्या शेवया करतात आणि उरलेली टरफले उशांत भरतात. ही उशी जड असते, बसताना सळसळते, पण देहाच्या आकाराप्रमाणे आत जागा करून देते व मग हलत नाही. टरफले कमी-अधिक करून उंचीही जुळविता येते. वर्षानुवर्षांच्या वापराने त्यांचा भुगा होतो, तेव्हा ती बदलावी लागतात.

झाबुतोन केवळ ध्यानापुरते नाही. जपानी घरात पाहुण्याला ते आदराने दिले जाते, आणि त्यावर पाय देऊन उभे राहणे असभ्य समजतात. गुडघ्यांवर सरकत येऊन बसावयाचे. त्याला पुढची बाजूही असते; जिला शिवण नसते ती पुढची. सुमो कुस्तीत महामल्ल हरला, की प्रेक्षक आनंदाच्या भरात हीच आसने आखाड्याकडे भिरकावतात! व्यवस्थापक त्याची मनाई करतात, पण उत्साही लोक ऐकत नाहीत.

दोगेन यांनी १२४४ साली स्थापन केलेला मठ आज ‘एइहेइजी’ नावाने प्रसिद्ध आहे. फुकुई प्रांतातील हे स्थान हिवाळ्यात बर्फाने झाकून जाते. तेथील सभागृहात लाकडी ओट्यावर प्रत्येक साधकाला एका चटईएवढी जागा मिळते. ध्यान, भोजन व निद्रा तेथेच. ओट्याच्या ज्या काठावर भोजनाची पात्रे मांडतात, त्याला पाय लावावयाचा नाही. आपल्या घरी जेवणाच्या पाटाला पाय लागू न देणाऱ्या आजीला हा नियम समजावून सांगावा लागणार नाही. दोगेन यांच्या सोतो पंथात साधक भिंतीकडे तोंड करून बसतात, रिन्झाई पंथात एकमेकांसमोर. बैठकीचा काळ जुन्या पद्धतीने एक उदबत्ती जळेपर्यंत, म्हणजे सुमारे ४० मिनिटे. मध्ये संथ चालण्याचा विधी असतो, त्यामुळे पायांतील मुंग्या उतरतात.

योगायोग असा, की आपला मार्गशीर्षातील सप्ताह व त्यांचा सर्वांत कठोर सप्ताह बऱ्याच वर्षी जवळजवळ येतात. बुद्धाला बोध झाला तो दिवस जपानमध्ये ८ डिसेंबरला पाळतात. १ डिसेंबरपासून ८ तारखेच्या पहाटेपर्यंत मठांत अखंड ध्यानसाधना चालते. काही रिन्झाई मठांत तर त्या आठवड्यात साधक जमिनीला पाठही टेकवीत नाहीत. इतकी कठोर तपश्चर्या करणाऱ्यांना बुडाखालच्या उशीची लाज वाटत नाही, हे आपण ध्यानी घ्यावे.

शुनर्यू सुझुकी १९५९ साली अमेरिकेत व ताइसेन देशिमारू १९६७ साली फ्रान्समध्ये गेले. त्यांच्यासारख्या आचार्यांमागोमाग झाफूही पाश्चात्त्य देशांत पोहोचला. आपल्याला मात्र तो परदेशातून आणण्याची गरज नाही. घोंगडीची घट्ट वळकटी करून बैठकीच्या मागील भागाखाली घ्यावी व खाली जाड चौघडी अंथरावी. सावरीच्या कापसाची गोल उशी गादीवाल्याकडून भरून घेता आली, तर अधिक चांगले. मात्र ती गच्च भरावयास सांगावी. उंची गुडघे टेकतील इतकी. ज्यांचे गुडघे दुखण्याने अगदीच वळत नाहीत, त्यांनी खुर्चीवर बसून पोथी समोर उंच चौरंगावर ठेवावी. आजकाल झेन ध्यानमंदिरांतही अशांना खुर्ची दिली जाते.

बैठक संपली, की झेन साधक घाईने उठत नाही. देह पुन्हा हळूच झुलवितो, पाय मोकळे करतो, मग वळून दबलेला झाफू दोन्ही हातांनी फिरवीत-दाबीत पूर्ववत गोल करतो, जागेवर ठेवतो, आणि त्या आसनाला हात जोडून नमस्कार करतो.